कव्हरवाले सर

आमच्या सरांनी ‘कव्हर’ या एका इंग्रजी शब्दावर सव्वीस दिवस काढले. सुट्ट्या धरून नाही हं, सुट्ट्या सोडून. मी साक्षीला आहे, कारण शेजारच्या खोलीत मी निबंध शिकवायची आणि मधली भिंत प्लायवूडची होती. तेवढ्या दिवसांत माझ्या वर्गाचे बारा निबंध पाठ करून झाले. सरांचा वर्ग अजून उशीच्या अभ्र्यापाशीच होता.

आधी जागा सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी एखाद्या विद्यापीठाबद्दल बोलतेय. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही साताऱ्याहून उठून चंदीगडला आलो आणि बरेच बदलीवाले राहतात तसे झिरकपूरला फ्लॅट घेऊन राहिलो. नवरा बँकेत, लेक शाळेत, आणि मी एम.ए. इंग्लिश बाल्कनीत उभी राहून एअरपोर्ट रोडवरचा ट्रॅफिक जाम बघतेय. चार महिने बघितला. मग सेक्टर चौतीसमधल्या एका कोचिंग सेंटरला जाऊन चिकटले. त्या सेक्टरात मजल्यागणिक एक सेंटर आणि सेंटरगणिक एका परदेशाचा झेंडा. कॅनडाला जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात मार्कांना ‘बँड’ म्हणतात, नऊपैकी असतात. साडेसहा आले की पोरगं विमानात, नाही आले की पुन्हा आमच्याकडे. त्यामुळे सेंटरचं दोन्हीकडून बरं चालायचं.

माझ्याकडे निबंधाचे साचे होते. चार परिच्छेद, मधे मधे गाळलेल्या जागा. विषय प्रदूषणाचा आला तर जागेत प्रदूषण भरायचं, मोबाइलचा आला तर मोबाइल. मराठीत सांगायचं तर सुरुवात अशी: ‘आजच्या आधुनिक युगात अमुक हा अत्यंत चर्चेचा विषय बनला आहे.’ यात अमुकच्या जागी तुम्ही काहीही घाला, बसतंच. मी स्वतः रचले होते ते साचे आणि मला त्यांचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

शब्दसंग्रह शिकवणारे सर यवतमाळकडचे. तरुणपणी केंद्र सरकारच्या एका संस्थेत ग्रंथपाल म्हणून चंदीगडला आले, रिटायर होईपर्यंत तिथेच राहिले आणि नंतर जवळच्या खरड गावात एका खोलीचं घर घेऊन मोकळे झाले. लग्न केलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, “राहून गेलं बा.” जणू दूध आणायचं राहून गेलं. त्यांच्या ग्रंथालयात अनेक खंडांची एक थोरली इंग्रजी डिक्शनरी होती. अख्ख्या संस्थेत ती उघडणारे हे एकटेच. नोकरीभर रोज जेवणाच्या सुट्टीत ते ती वाचत आले, लोक पेपर वाचतात तशी. एकदा मी विचारलं, “सर, पूर्ण वाचलीत?” तर म्हणाले, “कुठलं हो! ‘सी’मध्ये फार गुंतलो मी.”

मी मराठी आहे हे कळलं त्या दिवशी ते स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, “मॅडम, अभ्रा म्हणा एकदा.”

मी म्हटलं, “काय?”

“अभ्रा. उशीचा. खूप वर्षं झाले कोणाच्या तोंडून ऐकला नाही.”

मी म्हटलं. म्हाताऱ्या माणसाचे डोळे असे काही चमकले की मला वाटलं, आपण यांना काहीतरी मोठं दान केलं. तेव्हापासून रोजचा चहा आमचा एकत्र.

तर या कव्हरचं वेड सुरू कसं झालं? त्यांनी मला सांगितलं ते असं. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गाला विचारलं, कव्हर म्हणजे काय? एक मुलगा म्हणाला, “ढक्कन, सरजी.” दुसरी म्हणाली, “लिफाफा.” तिसऱ्याने खिशातून मोबाइल काढून त्याची रबरी पाठ दाखवली. चौथ्याने ‘इन्शुरन्स’ म्हणून सांगितलं, कारण त्याच्या मावशीने कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून फोनवर तेच सांगितलं होतं. पाचवा क्रिकेट खेळायचा, तो उठून सरळ खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “सर, ये रहा कवर.” सगळे बरोबर आणि एकालाही दुसऱ्याचं पटेना. सर म्हणाले, “तेव्हाच ठरवलं मॅडम, की हे लेकरं हा एक शब्द तरी घेऊनच विमानात बसतील.”

मग रोज एक पिशवी यायला लागली. सोमवारी तिच्यातून कुकरचं झाकण निघालं, मंगळवारी रजईची खोळ, बुधवारी पेनाचं टोपण. गुरुवारी त्यांनी कुठल्याशा गुरुद्वाऱ्याजवळच्या दुकानातून कृपाणाचं रिकामं म्यान आणलं. शुक्रवारी एक लांबलचक कापडी पिशवी आली, तीच तानपुऱ्याची गवसणी. प्रत्येक वस्तू टेबलावर ठेवायची आणि विचारायचं, तुमच्या घरी याला काय म्हणतात? पोरं पंजाबीत सांगायची, सर मराठीत सांगायचे, आणि मग हात झटकून म्हणायचे, “अँड द इंग्लिशमन? कव्हर! कव्हर! कव्हर! पुअर फेलो!” वर्ग खदखदून हसायचा. इंग्रजाला गरीब बिचारा म्हणणारा मास्तर त्या सेक्टरात दुसरा नव्हता. बाकी आम्ही सगळे त्याच्या पायाशी बसलेले.

पोरांनी त्यांचं नाव ‘ढक्कन सर’ ठेवलं. हिंदीत ढक्कन म्हणजे बावळटही, हे सरांना माहीत नसेल असं मला वाटायचं. कसलं काय! त्यांनीच फळ्यावर लिहून तो अर्थही समजावून सांगितला आणि वर म्हणाले, “गुड यूसेज.” पोरांची चिडवण्यातली मजाच गेली आणि आठवड्याभरात सगळे त्यांना ‘कवरवाले सर’ म्हणायला लागले.

शब्दाचं मूळ सांगायला लागले की सर उभे राहायचे. बसून सांगणं त्यांना अपमान वाटायचा. “लॅटिनमधून फ्रेंचात, फ्रेंचातून इंग्रजीत. मुळात अर्थ काय? पूर्णपणे झाकणे. अर्धवट नाही, पूर्ण!” मग त्या शब्दाचं गोत सांगायचे. कर्फ्यू हा कव्हरचा चुलतभाऊ. जुन्या काळी फ्रान्सात संध्याकाळी घंटा वाजली की चुलीतला विस्तव झाकायचा, म्हणजे गावाला आग लागणार नाही. ‘विस्तव झाका’ याचाच झाला कर्फ्यू. एक मुलगी म्हणाली, “सर, माझी आजीपण राखेखाली निखारा झाकून ठेवते.” सर म्हणाले, “मग तुझी आजी रोज कर्फ्यू लावते, सांग तिला.” आणि हँकरचीफ! त्यातला ‘करचीफ’ म्हणजे डोक्यावरचं झाकण. त्याला पुढे हात जोडला. “म्हणजे हातातलं डोक्यावरचं झाकण, अन् पुसता काय? नाक!” हे सांगताना ते स्वतःच इतके हसायचे की खिशातून तीच वस्तू काढून डोळे पुसावे लागायचे.

‘डिस्कव्हर’वर तर त्यांचा खास राग. झाकण काढणे म्हणजे शोध लावणे. “अरे, अमेरिकेवर झाकण कोणी ठेवलं होतं? तिथले लोक राहून राहिले होते न आपल्या घरी!” समोर बसलेली चाळीस पोरं त्याच दिशेला निघालेली. ती एकमेकांकडे बघायची. आणि ‘रिकव्हर’ला ते घरात घ्यायलाच तयार नव्हते. “आजारातून बरं होण्याचा जो रिकव्हर आहे, त्याचा अन् कव्हरचा काडीचा संबंध नाही. दिसतो सारखा. भाडेकरू आहे तो, नातेवाईक नाही.”

आता हे सगळं भिंतीपलीकडून ऐकताना माझी काय अवस्था होत असेल? माझ्या वर्गाचं लक्ष तिकडे. मी इकडे सांगतेय, ‘एकीकडे याचे फायदे आहेत, तर दुसरीकडे’, आणि माझी पोरं कर्फ्यूला हसतायत. मला राग यायचा. आणि राग येण्याचं खरं कारण हे की मलाही तिकडे जाऊन बसावंसं वाटायचं.

डिरेक्टर साहेबांना हे रुचणं शक्य नव्हतं. चाळिशीचा, सेंटचा वास मारणारा, मनाने वाईट नसलेला पंजाबी माणूस. तीन भाऊ कॅनडाला, हा एकटा मागे राहिला आणि राहिल्याचा सूड म्हणून अख्ख्या पंजाबला तिकडे पाठवत होता. स्वतः ती परीक्षा त्याने कधी दिली नव्हती. दर शनिवारी तो स्टाफरूमच्या दारात उभा राहून विचारायचा, “सरजी, सिलेबस कितना कवर हुआ?”

झालं! सर चष्मा काढायचे. अंतर कापण्याला कव्हर करणं का म्हणतात, बातमीला का म्हणतात, आणि अभ्यासक्रमाला म्हणणं बरोबर की चूक, याचं उत्तर दहा मिनिटं चालायचं. डिरेक्टर साहेब दोन्ही हात जोडून मागे मागे सरकत निघून जायचे. सर मला म्हणायचे, “पाहा मॅडम, विचारतात तर खरं, पण थांबत नाहीत.”

एका रविवारी मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. आल्या आल्या ते हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि मोजायला लागले. फ्रिजच्या डोक्यावरचं, हँडलवरचं, मिक्सरवरचं, वॉशिंग मशिनचं, रिमोटवरचं प्लास्टिक, डायनिंग टेबलवरचं प्लास्टिक, त्याच्या खालच्या टेबलक्लॉथवरचं आणखी एक. सोफ्यावर दुकानातून आलेलं प्लास्टिक अजून तसंच होतं, कारण पुढच्या बदलीत ट्रकमध्ये घालायला बरं. “एकूण सतरा,” सर म्हणाले. “मॅडम, तुम्ही इथं राहून राहिले की पॅकिंग करून ठेवलं आहे?” नवरा हसला. मी नाही हसले. तीन वर्षांत त्या सोफ्याचा खरा रंग मी पाहिला नव्हता.

आमची लेक नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. सरांनी तिला जवळ बोलावून विचारलं, “उशीला काय घालतात, बेटा?”

“पिलो कवर, अंकल.”

“अभ्रा म्हण.”

“अभ्रा,” ती म्हणाली आणि फिदीफिदी हसली. “कित्ता फनी है!” पण त्या दिवसापासून ती अभ्राच म्हणायला लागली, वॉशिंग मशिनमध्ये टाकताना मोठ्याने ओरडून. मी तीन वर्षं मराठी बोल, मराठी बोल म्हणून कानीकपाळी ओरडत होते, त्यात जे झालं नाही ते या माणसाने वरण-भाताच्या आधी केलं.

मी त्यांना एकदा विचारलं, “सर, पेन्शन आहे, घर आहे, रोज खरडहून बसने धक्के खात कशाला येता?” त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “सकाळी कंडक्टरशी दोन शब्द होतात,” म्हणाले, “संध्याकाळी दूधवाल्याशी एक. मधले सगळे इथं. हे बॅच नसली न मॅडम, तर मी बोलूनच नाही राहिलो दिवसभर.”

मी त्यांच्याकडे बिस्किटांची बशी सरकवली.

आणि सरांचं शिकवणं वाया जायचं असंही नाही. पिंजौरहून रोज बसने येणारी सिमरन नावाची मुलगी होती, सरांच्या वर्गातली. ती कॅनडाला पोचली आणि काही महिन्यांनी तिचा सरांना फोन आला. सरांनी स्पीकर लावला. ती एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होती. आमच्याच सेंटरचा एक मुलगाही तिथे होता, माझ्या वर्गातला, सात बँडवाला. मॅनेजर त्याला म्हणाला, रविवारी मला कव्हर करशील का? तर हा म्हणाला, “यस सर, विथ व्हॉट?” आणि चादरी होत्या त्या कपाटाकडे गेला. सिमरनने मधे पडून रविवारची ड्यूटी स्वतः घेतली. ती फोनवर हसत होती, सर हसत होते. मी हसले खरी, पण तो सात बँडवाला माझा होता. माझा साचा त्याला तंतोतंत पाठ होता. ‘आजच्या आधुनिक युगात’ तो कुठेही अडला नसता, अडला तो रविवारच्या ड्यूटीला.

मग ते फ्लेक्सचं आलं. खरडच्या उड्डाणपुलाजवळ प्रत्येक सेंटरचा एक मोठा फ्लेक्स असतो, त्यावर विद्यार्थ्यांचे फोटो आणि फोटोखाली बँड. समोरच्या सेंटरने त्या वर्षी नवीन टूम काढली. शिक्षकांचेच फोटो लावले, ‘साडेआठ बँडवाले टीचर’ म्हणून. आमच्या डिरेक्टर साहेबांची झोप उडाली. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि जाहीर केलं की प्रत्येक शिक्षकाने परीक्षा द्यायची, साडेसात तरी हवेतच, जानेवारीची बॅच भरायच्या आत फ्लेक्स लागला पाहिजे. आणि सरांकडे वळून म्हणाले, “सरजी, बंदा तो तुसी हीरा हो, पर जिसकी फोटो नहीं, उसकी बैच नहीं।”

मी तर निर्धास्त होते. सरांना इंग्रजीत कोण नापास करणार? माझेच आठ आले, तर सर म्हणजे नऊच्या नऊ. सर गेले, परीक्षा देऊन आले, म्हणाले, “पेपर मस्त होता मॅडम. मजा आली.”

निकाल लागला. ऐकण्यात नऊ, वाचण्यात नऊ, बोलण्यात साडेपाच. सगळं मिळून सातच, कारण लिहिण्यात पाच.

पाच! आमच्याकडे बारावी नापास झालेल्या पोरांना साडेपाच पडतात. मी त्यांना पार्किंगमागच्या टिक्कीवाल्याच्या बाकावर नेऊन बसवलं आणि विचारलं, “सर, लिहिलंत तरी काय?”

प्रश्न सरळ होता. शहरात राहावं की खेड्यात, ‘डिस्कस’ करा. सर ‘डिस्कस’पाशी थांबले. “मॅडम, डिस्कस म्हणजे मुळात काय? आपटून तुकडे करणे! झटकून टाकणे! अन् हे म्हणतात दोन्ही मतं डिस्कस करा. मी लिहिलं की आधी हे तर ठरवा, की तुम्हाला मतं तपासायची आहेत की फोडायची.” तेवढ्यात चाळीस मिनिटं संपली. शहर राहिलं आणि खेडंही राहिलं. तोंडी परीक्षेत एका आवडत्या वस्तूबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं. सरांनी परीक्षकालाच विचारलं की वस्तू या शब्दात ते काय काय धरतात.

डिरेक्टर साहेबांनी आणखी एक संधी दिली. तीन आठवडे. मला सांगितलं, “मैडम, आप समझाओ। आपकी सुनते हैं।”

मी समजावलं. हेच तर सांगायचंय मला. दुसऱ्या दिवशी मी माझा साचा छापून नेला आणि सरांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून चारही परिच्छेद वाचले, पुन्हा वाचले.

“हे कोणी लिहिलं?”

“मी.”

“चांगलं आहे. चूक नाही कुठं.” मग कागद उलटून पाठीमागे काही आहे का ते पाहिलं. “पण मॅडम, याच्यात तुम्ही कुठं आहात?”

“कुठंच नाही सर,” मी म्हटलं, “म्हणून तर बँड येतात.”

ते हसले नाहीत. मग मला संताप आला, त्यांच्यावर, डिरेक्टरवर, त्या फ्लेक्सवर, कुणावर ते देव जाणे. मी भांडलेच. “सर, हट्ट कुणासाठी करताय? परीक्षकाला काय पडलंय तुमच्या लॅटिनचं? चाळीस मिनिटं, फक्त चाळीस मिनिटं कुठल्याही शब्दापाशी थांबू नका. नंतर आयुष्यभर थांबा. बॅच गेली तर काय करणार आहात? खरडच्या खोलीत दूधवाल्याची वाट बघत बसणार?”

हे मी बोलायला नको होतं. पण बोलले, आणि नेमकं तेच लागू पडलं. सरांनी कागदाची नीट चौपदरी घडी घालून ती शर्टाच्या खिशात ठेवली.

तीन आठवडे ते बसमध्ये पाठ करत यायचे. पहिल्या दिवशी ‘आधुनिक’पाशी अडले, मला म्हणाले, “मॉडर्नचं मूळ मोठं गमतीचं आहे मॅडम.” मी डोळे वटारले. “बरं बरं,” म्हणाले आणि पुढे गेले. चौथ्या दिवशी दोनदाच अडले. दुसऱ्या आठवड्यात मी कुठल्याही गाळलेल्या जागेत कुठलाही विषय टाकावा आणि सरांनी श्वास न घेता चार परिच्छेद म्हणून दाखवावेत. वाघ, लग्नसंस्था, प्लास्टिक, सगळं बसायचं. मी टाळ्या वाजवल्या. तोंडी परीक्षेसाठीही मी त्यांना एक आवडती वस्तू ठरवून दिली, आजोबांचं घड्याळ. त्यांच्या आजोबांकडे घड्याळ नव्हतं. पण ते बोलायला सोपं पडतं.

लिहिण्यात साडेसात. बोलण्यात आठ. सगळं मिळून साडेआठ.

सेंटरभर बर्फी वाटली. डिरेक्टर साहेबांनी सरांना मिठी मारली, फोटोग्राफर बोलावला, सरांना कुणाचा तरी कोट घातला. उड्डाणपुलाजवळ खांबावर सरांचा मोठाच्या मोठा चेहरा चढला. जानेवारीची बॅच तीन दिवसांत भरली आणि ती सगळी सरांकडेच. मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, “बघ, वाचवली की नाही मी त्यांची नोकरी?” त्या रात्री मला शांत झोप लागली. आठवलं की अजून स्वतःची लाज वाटते.

नव्या बॅचचा पहिला दिवस. मी मुद्दाम माझ्या पोरांना लिहायला काहीतरी देऊन भिंतीला कान लावून बसले. आता पिशवी उघडेल, आता झाकण निघेल. सरांनी विचारलंही, कव्हर म्हणजे काय? पण ही पोरं वेगळी होती. ती फ्लेक्स बघून आली होती. एकजण उठून म्हणाला, “सरजी, वो छोड़ो। आपके साढ़े आठ कैसे आए? आपने जो लिखा था, वो लिखवा दो।” बाकीच्यांनी बाकं वाजवली.

भिंतीपलीकडे खडूचा आवाज आला आणि सरांचा, सावकाश, एकेक शब्द. माझा पहिला परिच्छेद.

मधल्या सुट्टीत ते माझ्या वर्गात आले. पोरं बाहेर गेली होती. खुर्चीवर न बसता ते पहिल्या बाकावर, पोरांच्या जागी बसले. हातात नवी कोरी दोनशे पानी वही होती.

मी म्हटलं, “सर, तुम्ही नाही म्हणायचं. तुमचं तुम्ही शिकवायचं. आता कोण काढतंय तुम्हाला?”

“तसं नसते मॅडम,” ते म्हणाले. “लेकरं विचारून राहिले, सर तुम्ही काय लिहिलं. खोटं कसं सांगू? मी जे लिहिलं ते हेच. अन् याच्यानंच बँड आले, हेही खरंच आहे. त्यांना जायचं आहे. मी त्यांना कुकरचं झाकण दाखवत बसू?”

मला रडू यायला लागलं. मी उगीच टेबलावरचे कागद सारखे करत बसले. मला म्हणायचं होतं, सर, हो, झाकणच दाखवा. पण तीन आठवडे मीच त्यांना त्याच्या उलट पढवलं होतं. आता कुठल्या तोंडाने सांगू?

सरांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

“तुमच्याजवळ बारा साचे आहेत म्हणता न? एक झाला. बाकीचे सांगा, मी लिहून घेतो.”

मी सांगायला लागले. दुसरा, तिसरा, चौथा. सर खाली मान घालून भराभर लिहीत होते, आणि एकाही शब्दापाशी थांबले नाहीत.